शाळेच्या उंबऱ्याबाहेरचे मूल

वैशाखातल्या संध्याकाळी गोदाकाठी व्याख्यान ऐकावयास जमण्याची या नगराची सवय १९२२ सालापासूनची आहे. या सभेला प्रवेशपरीक्षा नाही, इयत्ता नाही, हजेरीपट नाही. ज्याला यावेसे वाटेल त्याने यावे, जागा सापडेल तेथे बसावे आणि कंटाळा आला तर उठून जावे. आम्हां नाशिककरांना या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. ‘ही सभा सर्वांना खुली आहे,’ असे आपण म्हणतो. परंतु क्षणभर थांबून या ‘सर्वांना’ शब्दाचा अर्थ विचारून पाहू. या सभेत आंधळा मनुष्य आपल्याइतकाच सुखाने बसू शकतो, कारण येथले सारे काम कानाचे आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याला मात्र ही सभा बंद आहे. दारावर पहारेकरी नाही, तरी ती बंद आहे. हीच सभा उद्या चित्रांची झाली तर बहिरा आत येईल आणि आंधळा बाहेर राहील. माणसे तीच, त्यांची इंद्रियेही तीच. बदलली ती फक्त सभेची रीत.

आज ज्या विषयाचा इतिहास सांगावयाचा आहे त्याचे सार या साध्या उदाहरणात आले आहे. ज्या मुलांना इतरांपेक्षा वेगळ्या तऱ्हेने शिकवावे लागते अशा मुलांसाठी आपल्या प्रांतात कोणत्या शाळा निघाल्या, कोणी काढल्या, आणि आज त्यांच्या आईबापांपुढे कोणते मार्ग आहेत, हा तो विषय. पुष्कळांना असे वाटते की हा दयेचा इतिहास आहे. दयाळू माणसांनी दुर्दैवी मुलांसाठी काही केले, एवढेच त्यात आहे. आम्हांला तसे वाटत नाही. शाळा नावाच्या संस्थेने प्रत्येक काळात आपले एक माप ठरविले आणि त्या मापात न बसणारे मूल उंबऱ्याबाहेर ठेविले. माप बदलले तसे बाहेरचे मूलही बदलले. म्हणून या मुलांचा इतिहास हा खरे पाहता आपल्या शाळेचाच इतिहास आहे.

प्रथम जुना काळ घेऊ. छापखाना येण्यापूर्वी आपल्याकडील विद्या मुख्यत्वे मुखातून निघून कानात शिरत असे. वेदपठण, पुराण, कीर्तन, हरिपाठ, आर्या, पाढे या साऱ्यांचा व्यवहार श्रवणाचा आणि पाठांतराचा. अशा व्यवस्थेत दृष्टी नसलेल्या मुलाला फार मोठी अडचण येत नसे. विदर्भातील गुलाबराव महाराजांचे उदाहरण येथे डोळ्यांपुढे येते. १८८१ साली जन्मलेल्या या पुरुषाची दृष्टी तान्हेपणीच गेली. पुढे लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. दुसऱ्याने वाचावे, यांनी ऐकावे व ध्यानात ठेवावे, यांनी सांगावे आणि दुसऱ्याने लिहावे, या पद्धतीने त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ निर्माण केले. १९१५ साली, वयाची पस्तिशीही उलटली नसता, त्यांचा अंत झाला. हा पुरुष असामान्य होता हे उघडच आहे. परंतु ज्या वाटेने तो गेला ती वाट त्या काळी मोकळी होती, हेही विसरता कामा नये.

ऐकू न येणाऱ्या मुलाला मात्र तीच व्यवस्था भिंतीसारखी होती. त्याच्या कानात शब्द शिरला नाही म्हणून तोंडातून शब्द निघाला नाही, आणि शब्द नाही म्हणून बुद्धीही नाही असे समजले गेले. सावकाश शिकणाऱ्या मुलाचे काय होत असे? त्याच्यासाठी शाळा नव्हती, पण ती बहुतेकांसाठीच नव्हती. तो गुरे वळी, पाणी भरी, मोट हाकी, घरच्या धंद्यात हाताखाली राबे. त्याला कोणी नापास करीत नसे, कारण परीक्षाच नव्हती. या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. ‘वेडा’ म्हणून त्या मुलाला दगड मारणारी पोरे तेव्हाही होती आणि पूर्वजन्मीचे पाप म्हणून त्याला माजघरात दडविणारी घरेही होती. इतकेच म्हणावयाचे की शाळेने त्याला बाहेर काढले नव्हते, कारण तेव्हा शाळेने त्याच्याकडे पाहिलेच नव्हते.

इंग्रजी अमदानीत शाळेचे रूप पालटले. छापील पुस्तक, पाटी, फळा, नकाशा आणि इयत्ता या पाच वस्तूंनी नवी शाळा उभी राहिली. या शाळेने खेड्यापाड्यांतून अक्षरे नेली. तिचे उपकार थोडे नव्हेत. परंतु पुस्तक आणि फळा आले त्या दिवशी आंधळे मूल उंबऱ्याबाहेर गेले. इयत्ता आली त्या दिवशी सावकाश शिकणारे मूल बाहेर गेले. त्यात भर अशी की मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना निकालाच्या मानाने ग्रँट देण्याची पद्धत पडली. इन्स्पेक्टरसाहेबांनी परीक्षा घ्यावी आणि जितकी मुले उतरतील त्या मानाने पैसा मिळावा. मग मागे पडणारे मूल हे शाळेला नुसते ओझे राहिले नाही, ते नुकसानीचे कलम झाले. मास्तर निर्दय होते असे नव्हे; हिशेबच तसा मांडला गेला होता.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे सांगितले. १९११ साली नामदार गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे बिल मांडले. पुढल्या वर्षी ते फेटाळले गेले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. आपल्या शिक्षणाच्या इतिहासातील ही मानाची पाने आहेत. पण सक्तीच्या कायद्यांत एक बारीक कलम असे. मुलाला शाळेत न पाठविण्याची ‘वाजवी सबब’ कोणती, ते त्यात सांगितलेले असे, आणि आजार किंवा शरीराचे व्यंग ही अशी एक सबब मानली जाई. वरवर पाहता यात दया दिसते. आजारी पोराच्या बापाला दंड कोणी करावा? परंतु परिणाम काय झाला तो पाहा. ज्या मुलाला शिकविणाऱ्याची सर्वांत अधिक गरज होती त्यालाच कायद्याने शिक्षणातून सूट दिली. ‘सर्वांना शिक्षण’ या घोषणेत ते मूल नव्हते. ‘वाजवी सबब’ हे दोन शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत. शेवटी त्यांच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

सरकारी शाळेच्या बाहेर राहिलेल्या या मुलांसाठी मार्ग काढण्याची कल्पना आपल्याकडे बाहेरून आली, म्हणून थोडे युरोपात डोकावले पाहिजे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूने बहिऱ्या मुलांना हातांच्या खुणांनी शिकविण्यास आरंभ केला. त्याच नगरात व्हालांतँ आवी याने आंधळ्या मुलांसाठी उठावाच्या अक्षरांची शाळा काढली. या शाळेत लहानपणी दृष्टी गमावलेला लुई ब्रेल हा खोगीर शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा शिकला आणि त्याने १८२९ साली सहा टिंबांची लिपी प्रसिद्ध केली. ही टिंबे वेगवेगळ्या रीतीने मांडली की ६३ चिन्हे होतात. तेवढ्यांत अक्षरे, अंक आणि गाण्याचे स्वरही बसतात. डोळस माणसाच्या अक्षरांची नक्कल बोटांना जड जाते, बोटांना त्यांची स्वतःची लिपी हवी, हे एका आंधळ्या विद्यार्थ्याने ओळखले. शाळेचे माप मुलाप्रमाणे बदलण्याचा तो पहिला मोठा धडा होय.

आपल्याकडे या कामाचा आरंभ मुंबईत झाला. १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या प्रयत्नाने माझगाव भागात मूकबधिर मुलांची शाळा निघाली. हिंदुस्थानातील या प्रकारची ती पहिली शाळा होय. परंतु ती निघाली तो काळ चमत्कारिक होता. पाचच वर्षांपूर्वी, १८८० साली, इटलीत मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली होती आणि तिने असा ठराव केला होता की या मुलांना खुणांनी शिकवू नये, ओठ वाचावयास व तोंडाने बोलावयास शिकवावे. त्या ठरावाची छाया जगभरच्या शाळांवर शंभर वर्षे राहिली. कित्येक मुले बोलावयास शिकली हे खरे. परंतु ज्यांना ते साधले नाही त्यांचे हात बांधले गेले आणि जिभेला शब्द फुटले नाहीत. शाळा मुलासाठी काढली, पण माप मात्र ऐकणाऱ्यांचेच ठेविले. २०१० साली व्हँकुव्हर येथे भरलेल्या परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल खेद प्रकट केला. आपल्या देशात २०२० च्या शैक्षणिक धोरणाने भारतीय सांकेतिक भाषेला प्रमाण रूप देण्याचे ठरविले. एक चूक सुधारण्यास १३० वर्षे लागली. तेवढ्यात मुलांच्या किती पिढ्या गेल्या, याचा हिशेब कोण देणार?

अंधांच्या शिक्षणाची कथा दुष्काळापासून सुरू होते. छप्पनचा दुष्काळ म्हणून ज्याची आठवण जुनी माणसे काढीत त्या १८९९-१९०० च्या दुष्काळात पुष्कळ मुले पोरकी झाली. त्यांत आंधळी मुलेही होती. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड या बाईंनी अशा मुलांना जवळ केले आणि १९०० साली मुंबईत त्यांची शाळा सुरू झाली. दादरची अंध मुलींची शाळा ती हीच. दोन वर्षांनी, १९०२ साली, व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. तिचे पहिले प्रमुख डॉ. नीलकंठराय छत्रपती हे स्वतः दृष्टी गमावलेले गृहस्थ होते. ज्याला त्या वाटेचे खाचखळगे माहीत आहेत तोच वाटाड्या झाला, ही या शाळेची विशेष गोष्ट.

पुढे एक निराळीच अडचण उभी राहिली. ब्रेलची टिंबे आपल्या भाषांना लावण्याचे प्रयत्न जागोजागी झाले आणि जागोजागच्या पद्धती निराळ्या झाल्या. नीलकंठराय यांची एक, कलकत्त्याच्या शहांची दुसरी, मिशनऱ्यांच्या आणखी वेगळ्या. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेचे पुस्तक वाचता येईना. अखेर स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली, ‘भारती ब्रेल’ ही सर्व भारतीय भाषांची एक लिपी ठरली. मराठीतला ‘क’ आणि तमिळमधला ‘क’ डोळ्यांना निराळे दिसतात. बोटांना मात्र ते आता एकच लागतात. त्याच साली डेहराडून येथे ब्रेलचा छापखाना निघाला आणि पुढल्याच वर्षी मुंबईत ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या महाराष्ट्र शाखेचे कार्यालय आपल्या सातपूर भागात आहे, हे पुष्कळ नाशिककरांना ठाऊक असेल.

आता ज्या मुलांचे डोळे व कान नीट आहेत, पण बुद्धीची चाल सावकाश आहे, त्यांच्याकडे वळू. यांची ओळख सर्वांत उशिरा पटली. आंधळेपण दिसते, बहिरेपण कळते. या मुलाला मात्र आळशी, हट्टी, ढ अशी नावे पडत आणि छडीने तो सुधारेल असे समजले जाई. या मुलांची बुद्धी मापण्याचे एक साधन फ्रान्समध्ये आल्फ्रेड बीने याने १९०५ साली तयार केले. शाळेत कोणत्या मुलांना अधिक मदत लागेल ते आधी कळावे, एवढाच त्याचा हेतू होता. ते साधन आपल्या मुलांना जसेच्या तसे लावता येत नव्हते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडे मराठी व कानडी मुलांवर प्रयोग करून त्याचे देशी रूप तयार केले आणि १९४० साली त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. बीने-कामत चाचणी या नावाने ती पुढे अनेक दशके इस्पितळांतून व शाळांतून वापरली गेली. या चाचणीने पुष्कळ मुलांची छडीतून सुटका केली. परंतु प्रत्येक मापाला दोन टोके असतात. ‘याला मदत हवी’ असे सांगण्यासाठी निघालेला आकडा ‘याला येथे जागा नाही’ असे सांगण्यासाठीही वापरला गेला.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रोम येथे १९०० च्या सुमारास मारिया माँटेसरी या तरुण डॉक्टरीणबाई मंदबुद्धी समजल्या जाणाऱ्या मुलांच्या शाळेवर होत्या. फ्रान्समधील इतार आणि सेगँ यांनी अशाच मुलांसाठी बनविलेली साधने त्यांनी वापरली आणि त्यांची काही मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उतरली. लोकांना नवल वाटले. बाईंना निराळाच प्रश्न पडला: ही मुले येथवर येतात, तर धडधाकट मुले इतकी मागे का? त्या प्रश्नातून १९०७ साली त्यांचे पहिले बालगृह निघाले. त्याच विचारांची जोत आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी लावली. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालविल्या. गुरे राखणारे मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा कुरणावर न्यावी, असा त्यांचा साधा हिशेब होता. म्हणजे आज घरोघरची मुले बालवाडीत रंगीत ठोकळ्यांशी व दट्ट्यांशी खेळतात ती साधने मूळची त्या उंबऱ्याबाहेरच्या मुलांची आहेत. त्यांच्यासाठी केलेल्या सोयीने आपल्याच मुलांचे भले झाले. उपकार कोणी कोणावर केले, हे येथे नीट ठरविले पाहिजे.

मुंबईत १९४४ साली जय वकील या बाईंनी व त्यांच्या डॉक्टर पतींनी आपल्या मुलीसाठी शाळा शोधली आणि ती मिळाली नाही म्हणून घरीच काही मुलांना एकत्र करून शाळा सुरू केली. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी ‘कामायनी’ काढली. मेंदूच्या दुखापतीमुळे ज्यांचे हातपाय ताब्यात राहत नाहीत अशा मुलांसाठी डॉ. मिठू आलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटीचे काम आरंभिले. त्याच्या मागेही एका आईची गरज होती. आणि आपल्या नाशिकात १९७७ साली रजनीताई लिमये यांनी ‘प्रबोधिनी विद्यामंदिर’ सुरू केले, तेही आपल्या मुलाच्या निमित्तानेच. या एका शाळेतून पुढे सुनंदा केले विद्यामंदिर आणि मोठ्या मुलांसाठी संरक्षित कार्यशाळा निघाल्या. शाळा संपली म्हणजे मूल नाहीसे होत नाही. अठरा वर्षांचा झालेला मुलगा सकाळी उठून कोठे जाणार, हा प्रश्न आईलाच पडतो आणि म्हणून तिनेच कार्यशाळा काढली. कर्णबधिर मुलांसाठी माई लेले श्रवण विकास विद्यालयासारखी शाळाही आपल्या गावात उभी राहिली.

ही नावे एकापाठोपाठ घेतली की एक गोष्ट लक्षात येते. दुष्काळात पोरक्या मुलांना पदरी घेणारी बाई, दृष्टी गमावलेला डॉक्टर, आपल्या लेकरासाठी दारोदार हिंडलेली आई. यांतली कोणतीही शाळा सरकारी योजनेतून निघाली नाही; ती कोणाच्या तरी घरातून निघाली. त्यात त्या माणसांची थोरवी आहे, आणि आपल्या समाजाची उणीवही आहे. कारण जेथे अशी आई उभी राहिली तेथे शाळा निघाली. जेथे आईच्या अंगी तेवढे बळ नव्हते, किंवा तिला रोज मजुरीला जावे लागत होते, तेथे मूल घरातच राहिले.

सरकार या कामी कसे कसे पुढे आले तेही पाहू. घटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेविले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात सांगितले की अपंग मुलांचे शिक्षण हे भूतदयेचे काम नसून शिक्षणपद्धतीचाच भाग आहे आणि होईल तितके ते सर्वसाधारण शाळेतच द्यावे. पण त्याच अहवालाने पुढील वीस वर्षांसाठी ठेविलेले लक्ष्य काय होते? अंध, बधिर व अस्थिव्यंग मुलांपैकी सुमारे १५ टक्के आणि मतिमंद मुलांपैकी सुमारे ५ टक्के. देशाचे सर्वांत उदार शिक्षणपत्र शंभरांतली पंच्याऐंशी मुले बाहेर राहणार हे गृहीत धरून चालले होते. १९७४ साली केंद्राने एकात्म शिक्षणाची योजना आखली. १९९५ साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. १९९० नंतरच्या दशकात अक्षरांशी झगडणाऱ्या, म्हणजे ज्यांना अध्ययन-अक्षम म्हणतात अशा मुलांना, आपल्या राज्यातील शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २००७ सालच्या ‘तारे जमीं पर’ या बोलपटाने ही गोष्ट घराघरांत पोहोचविली. २००९ साली शिक्षणाच्या हक्काचा कायदा आला, २०१२ साली त्यात दुरुस्ती झाली, आणि २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले.

या कायद्यांप्रमाणे आज आईबापांपुढे तीन दारे आहेत. ज्याचे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले आहे अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याला हवे तेथे, मोफत शिकण्याचा हक्क आहे. अतितीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचाही हक्क आहे. निवड आईबापांची व मुलाची, शाळेची नव्हे. १९१८ पासून पाहिले तर ही क्रांतीच म्हटली पाहिजे.

मग कोणते दार चांगले? आम्हांला पुष्कळदा असे विचारले जाते, आणि विचारणाऱ्याला एकच उत्तर हवे असते. तसे उत्तर नाही. टिंबांची लिपी शिकविणारा शिक्षक आठवड्यातून नेमाने येत असेल तर अंध मूल शेजारच्या मुलांबरोबर साध्या वर्गात उत्तम शिकते, कारण वर्गाचा बराचसा व्यवहार कानाचा असतो. बधिर मुलाचे तसे नाही. त्याला लहानपणी भाषा मिळाली पाहिजे, आणि भाषा संगतीतून येते. जेथे हातांची भाषा बोलणारे दुसरे कोणी नाही अशा साठ मुलांच्या वर्गात त्याला बसविणे म्हणजे गर्दीत एकटे ठेवणे होय. त्याला आरंभी आपल्यासारख्यांची शाळा हितावह. सावकाश शिकणाऱ्या मुलाला लहान वर्ग, ओळखीचा शिक्षक आणि हाताचे काम हवे. ते साध्या शाळेत मिळाले तर तेथे, नाही तर विशेष शाळेत. दाराचे नाव पाहू नये. आत कोण शिकविणारा आहे, मुलाचे तेथे कोणी मित्र आहेत काय, आणि संध्याकाळी मूल हसत घरी येते काय, हे पाहावे.

परंतु निवड करावयाची तर दारे चालण्याच्या अंतरावर पाहिजेत. नाशिक शहरात राहणाऱ्याला तीनही दारे निदान दिसतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील पाड्यावर राहणाऱ्या आईला काय दिसते? जवळची शाळा आहे, पण तेथे खुणांची भाषा किंवा ब्रेल जाणणारा कोणी नाही. विशेष शाळा आहे, पण ती दूर शहरात, आणि सहा वर्षांचे मूल वसतिगृहात ठेविले पाहिजे. राहिले तिसरे दार, घरचे. फिरता विशेष शिक्षक डोंगर चढून किती वेळा येईल? तो महिन्यातून एकदाच आला तर बाकीचे दिवस मूल काय करील? कागदावर मात्र त्याचे नाव ‘घरी शिक्षण घेत आहे’ असे चढलेले असेल.

येथे त्या ‘वाजवी सबबी’ची आठवण होते. पूर्वीचा कायदा म्हणे, हे मूल आले नाही तरी चालेल. आजचा कायदा म्हणतो, हे मूल घरी शिकू शकते. पहिल्यात सूट होती, दुसऱ्यात हक्क आहे. दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण शिक्षक घरी पोहोचलाच नाही, तर ते अंतर नाहीसे होते आणि जुनी सबब हक्काचा अंगरखा घालून परत येते. कायदा लिहिणाऱ्यांचा तसा हेतू नाही हे आम्ही जाणतो. गोखले-पटेलांचाही नव्हता.

आपल्या राज्यात आणखी एक गोष्ट फार काळ चालत आली. साधी शाळा शिक्षणखात्याची आणि विशेष शाळा समाजकल्याणखात्याची, अशी वाटणी होती. म्हणजे एक मूल विद्यार्थी आणि दुसरे लाभार्थी. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते केले. त्याने कामाला वेग येवो. पण मूल एका दारातून दुसऱ्या दारात जाऊ शकेल, विशेष शाळेत भाषा शिकून साध्या शाळेत येईल, साध्या शाळेत अडले तर काही काळ विशेष शाळेत जाईल, इतकी या दोन खात्यांची बोलाचाली असली पाहिजे. दारे तीन असोत. घर एकच असावे.

नावेही किती बदलली पाहा. मुके-बहिरे झाले मूकबधिर, पुढे कर्णबधिर. ढ झाला मंदबुद्धी, मग मतिमंद. लुळा-पांगळा झाला अपंग आणि आता दिव्यांग. या बदलांना आम्ही हसत नाही. नाव बदलणे हे मन बदलण्याचे चिन्ह असू शकते. परंतु नाव सुधारले म्हणून कर्तव्य संपले असे कोणी मानू नये. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक माणसे अपंग म्हणून नोंदली गेली. त्यांना कोणत्या नावाने हाक मारावी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्यांतील मुलांना हजेरीच्या वेळी रोज हाक मारली जाते काय, हा त्याहून महत्त्वाचा आहे.

मग येथे जमलेल्या नागरिकांनी काय करावे? प्रत्येकाने शाळा काढावी असे आम्ही म्हणत नाही. आपल्या आळीत, आपल्या गावाकडे, आपल्या कामवाल्या बाईच्या घरी असे मूल आहे काय, आणि ते कोणत्या दारातून आत जाते, एवढे प्रत्येकाने विचारावे. आपली मुले ज्या शाळेत जातात तेथल्या पालकसभेत उभे राहून विचारावे: ‘आमच्या शाळेत असे मूल का नाही?’ ‘आजवर कोणी आलेच नाही,’ असे उत्तर मिळेल. त्यावर दुसरा प्रश्न विचारावा: ‘आले असते तर कोणी शिकविले असते?’

आरंभी या सभेची गोष्ट काढली होती, तिच्यापाशीच संपवू. व्याख्यात्याशेजारी हातांच्या खुणांनी भाषण सांगणारा एक मनुष्य उभा केला, तर शंभर वर्षांच्या या व्याख्यानमालेत बधिर नाशिककर प्रथमच खऱ्या अर्थाने श्रोता होईल. खर्च फारसा नाही. एक माणूस आणि थोडी जागा, एवढेच लागते. शाळेचेही याहून फार निराळे नाही.